दोन लॅपटॉपच्या पैशांत एक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीच्या मॉड्यूलर, म्हणजे सुटे भाग स्वतः बदलता येणाऱ्या, लॅपटॉपवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत बोळवण करण्यासारखी ती नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा डॉलरमध्ये पगार घेणाऱ्यांचा छंद आहे, तेवढ्या पैशांत दोन बरे लॅपटॉप येतात. अपग्रेड प्रत्यक्षात कुणी करत नाही. गूगलचा सुट्या भागांच्या फोनचा प्रकल्प, प्रोजेक्ट आरा, बुडाला, तसं हेही बुडेल. पातळपणात, बॅटरीत आणि स्पीकरमध्ये मॅकबुक सरस. आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत वाट्टेल ते दुरुस्त होत असताना, भारतात अधिकृतपणे विकतही न मिळणाऱ्या यंत्राचं कौतुक कशाला? शेवटी तुम्ही विचारलंय की इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीसाठी मग घ्यायचं काय. त्याकडे शेवटी येतो.

आधी पैसे. इथे तुमच्या बाजूने तुम्ही मांडलंत त्याहून जास्त मांडता येईल. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७०४० मालिकेच्या प्रोसेसरचं १३ इंची मॉडेल आलं, तेव्हा स्वतः जोडायच्या संचाची किंमत ८४९ डॉलरपासून सुरू होत होती. त्यात रॅम नाही, एसएसडी नाही, विंडोज नाही. आणि नुसता मेनबोर्ड (प्रोसेसर बसवलेला मुख्य बोर्ड) ४४९ डॉलरपासून, म्हणजे संचाच्या निम्म्याहून जास्त. ज्यांच्याकडे २०२१ चं पहिलं, इंटेलवालं मॉडेल होतं त्यांना बोर्डाबरोबर रॅमही नवी घ्यावी लागली, कारण जुनी डीडीआर४ आणि नव्या बोर्डाला हवी पुढच्या पिढीची डीडीआर५. एवढं करून हातात येतो नव्या प्रोसेसरचा पण जुन्याच पडद्याचा, जुन्याच बॅटरीचा लॅपटॉप. पडदा आणि बॅटरीही बदलता येतात. मग तेही पैसे मोजा. काढलेला बोर्ड कूलर मास्टर कंपनी विकते त्या डबीत बसवून छोटा डेस्कटॉप करता येतो, हे गमतीचं आहे खरं, पण घरात आणखी एक संगणक हवाय कुणाला? जुना लॅपटॉप ओएलएक्सवर विकून नवा घेणारा माणूस खर्चाच्या बाबतीत फार मागे राहत नाही.

थोडक्यात, अपग्रेडच्या गाजराने मीही फारसा भुलत नाही. डेलच्या एलियनवेअरने २०१९ मध्ये एरिया-५१एम नावाचा जाडजूड लॅपटॉप काढला होता, ग्राफिक्स बदलता येईल या जाहिरातीसह. पुढच्या पिढीची कार्डं त्यात बसली नाहीत आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. फ्रेमवर्कने मात्र हा शब्द आतापर्यंत पाळलाय, एवढं त्यांच्या पदरात घालायला हवं. २०२५ चा, रायझन एआय ३०० प्रोसेसरचा बोर्ड २०२१ च्या सांगाड्यात बसतो, आणि १६ इंची मॉडेलसाठी नवं एनव्हिडिया ग्राफिक्स मॉड्यूलही आलं.

आराशी तुलना मला पटत नाही. आरामध्ये फोनचा जवळजवळ प्रत्येक अवयव सुटा, प्रत्येकाला स्वतःचं आवरण आणि स्वतःची जोडणी. २०१६ मध्ये बाजारात येण्याआधीच तो गुंडाळला गेला. फ्रेमवर्क आतून अगदी साधा लॅपटॉप आहे. कडेच्या खाचेत बसणारी ती एचडीएमआय, यूएसबी-एची चौकोनी कार्डं म्हणजे यूएसबी-सीला लावायचे डोंगलच, फक्त बाहेर न लोंबकळणारे. लोक व्हिडिओत त्यांनाच भुलतात, आणि माझ्या मते सगळ्या यंत्रातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग तोच.

महत्त्वाचं काय, ते दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की दिसतं. प्रोसेसर जुना झाला म्हणून लॅपटॉप तिथे येत नाहीत. कीबोर्डवर चहा सांडलेला असतो, हिंज तुटून पॅनल फाटलेलं असतं, बॅटरी फुगलेली असते, चार्जिंगचं सॉकेट सैल झालेलं असतं. आता कीबोर्डचंच घ्या. आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये तो 'सी पॅनल'ला (कीबोर्डभोवतीच्या वरच्या आवरणाला) प्लास्टिकच्या वितळवलेल्या बोंडांनी कायमचा चिकटवलेला असतो. चार बटणं गेली तरी दुकानदार एकतर ती बोंडं तासून नवा कीबोर्ड कसाबसा चिकटवतो, नाहीतर सगळं पॅनलच बदलायला सांगतो. फ्रेमवर्कमध्ये तळाचे पाच स्क्रू सैल केले की वरचा भाग उचलला जातो, कीबोर्ड-टचपॅडसकट तो भाग बदलता येतो आणि पेचकस खोक्यातच मिळतो. (नुसता कीबोर्ड स्वस्तात बदलायचा असेल तर इतके बारीक स्क्रू काढावे लागतात की संयम सुटावा, हेही सांगून टाकतो.) भागांवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की माहिती उघडते. आणि मुख्य म्हणजे सुट्या भागांची किंमत संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल अशी लावलेली असते. मला अप्रूप आहे ते या शेवटच्या गोष्टीचं.

आता लॅमिंग्टन रोड. तुमचा हा मुद्दा सर्वांत चांगला आहे, फक्त तो तुम्हाला वाटतो त्या दिशेने जात नाही. आपले चिप लेव्हल काम करणारे कारागीर जे करतात ते फ्रेमवर्कच्या पुस्तकात जवळपास नाहीच. बोर्डावर एक कपॅसिटर शॉर्ट झाला, चार्जिंग आयसी गेला, तर इथे मल्टिमीटर आणि हॉट एअर गन घेऊन तेवढाच तुकडा बदलतात. फ्रेमवर्कच्या हिशोबात प्रोसेसर, चार्जिंगची यंत्रणा, पोर्टांची जोडणी हे सगळं मिळून एकच भाग: मेनबोर्ड. त्यावर पाणी पडलं तर अधिकृत उत्तर एकच, नवा बोर्ड. आपल्या कारागिराला हा उधळेपणा वाटेल, आणि त्याचं बरोबर आहे.

पण तो कारागीर काम कशाच्या जोरावर करतो तेही पाहा. बोर्डाचं स्कीमॅटिक, म्हणजे जोडण्यांचा नकाशा, कंपनी देत नाही, म्हणून इकडून तिकडून मिळवलेल्या फाइली वापरतो. भाग कंपनी विकत नाही, म्हणून मेलेल्या लॅपटॉपमधून 'डोनर' भाग काढतो. बॅटरी ओरिजिनल म्हणून येते आणि सहा महिन्यांत तिचं सोंग उघडं पडतं. त्याची हुशारी वादातीत आहे, पण तिचा अर्धा भाग कंपन्यांनी उभ्या केलेल्या भिंती ओलांडण्यात खर्ची पडतो. सुटे भाग उघड किमतीला आणि बोर्डाचा नकाशा हातात, असं दोन्ही मिळालं तर त्याच माणसाचं काम किती सुकर होईल! म्हणून ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेलं राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल मला एखाद्या लॅपटॉपपेक्षा महत्त्वाचं वाटतं, जरी आज ते बहुतांशी कंपन्यांच्या दुव्यांची यादी आहे. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अनेक उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी लागेल. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीक्षमतेचे गुण छापावे लागतात. आपल्याकडेही असा निर्देशांक आखायला केंद्राने समिती नेमली होती.

पातळपणाबद्दल तुम्ही लिहिलंय, तिथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो. लॅपटॉप पातळ करताना रॅम सोल्डर करणं, म्हणजे बोर्डाला कायमची जोडून टाकणं, नेहमीच लबाडी नसते. एलपीडीडीआर प्रकारची रॅम कमी वीज खाते आणि वेगवान असते, पण तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ, लहान जोडणीने बसवावं लागतं. खुद्द फ्रेमवर्कने २०२५ मध्ये जो डेस्कटॉप जाहीर केला त्यातली रॅम सोल्डर केलेली आहे, आणि त्यावरून त्यांचे चाहतेच चिडले. यावर तोडगा म्हणून एलपीकॅम२ नावाचं, स्क्रूने बसणारं रॅमचं मॉड्यूल आलंय. लेनोवोच्या २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये ते होतं. एसएसडी सोल्डर करण्याला मात्र माझ्याकडे क्षमा नाही.

बॅटरी आणि स्पीकरमध्ये मॅकबुक पुढे आहे, या तुमच्या म्हणण्यात वाद नाही.

तुमच्या यादीत नसलेला एक दोष मी जोडतो: फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेलं, यंत्र सुरू करणारं सॉफ्टवेअर. जुना बोर्ड वर्षानुवर्षं वापरा असं म्हणणाऱ्या कंपनीने त्या बोर्डाची बायोस (याच फर्मवेअरची) अपडेटही वर्षानुवर्षं द्यायला हवीत. इंटेलच्या १२ व्या पिढीच्या बोर्डांबाबत ती बराच काळ रखडली होती. छोटी कंपनी, थोडे इंजिनिअर, आणि दरवर्षी सांभाळायला एक जास्तीचा बोर्ड. आरासारखं बुडण्यापेक्षा मला हा धोका खरा वाटतो.

आता मुलीचा लॅपटॉप. फ्रेमवर्क नको. अमेरिकेहून येणारं कुणी असेल तर १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, पण वॉरंटी तिकडेच राहते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पडदा गेला तर भाग कुरिअरने येईपर्यंत ती काय करणार? नवा घ्यायचा आणि बजेट असेल तर थिंकपॅड टी१४ ची २०२४ ची पाचवी आवृत्ती पाहा. रॅमच्या दोन्ही जागा सुट्या आहेत आणि उपकरणं उघडून दुरुस्तीक्षमता तपासणाऱ्या आयफिक्सिटने तिला दुरुस्तीसाठी १० पैकी ९ गुण दिलेत. बजेट कमी असेल तर चांगल्या दुकानातून, बिल घेऊन, वापरलेला थिंकपॅड टी४८०. २०१८ चा आहे, पण आठव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालतं, मागची बॅटरी खटक्याने निघते आणि भाग इथे सहज मिळतात. दुसरं कुठलं मॉडेल आवडलं तर पैसे देण्याआधी त्याचं सर्व्हिस मॅन्युअल नेटवर शोधा, आणि त्यात बॅटरी, रॅम, कीबोर्ड हे तीन भाग सुटे दाखवलेत का तेवढं बघा. मॅन्युअलच सापडलं नाही तर तो लॅपटॉप सोडा.

ती कुठल्या शाखेला जातेय ते मात्र कळवा. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल आणि कॅडवर (संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरवर) जड काम करायचं असेल, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल आणि तिथे टी४८० पुरणार नाही.