'मागणी' उद्धट नाही : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतंय : 'अर्जात "मागणी" लिहू नका, शब्द उद्धट आहे. "विनंती" लिहा, नाहीतर अर्ज बाद.' परवा मीही तो पुढं ढकलला. चूक माझी.

मुलीला मागणी घालतात, गुळाला मागणी असते. त्यात उद्धट काय? फरक हक्काचा आहे. विनंती समोरच्याच्या मर्जीवर, मागणी आपल्या हक्कावर. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे कारखान्याला ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. तिथं शेतकरी विनंती कशाला करंल? मागणीच करणार, आणि थकलं की तगादा लावणार. आग्रह पंगतीत जिलबी वाढतानाचा, हट्ट पोराचा. 'दावा' मात्र जपून वापरा : कोर्टात तो रीतसर शब्द, पण बातमीत 'असा दावा केला' म्हटलं की 'अजून सिद्ध नाही' हे आलंच.

आणि माहिती अधिकार कायदा, 2005 मध्ये अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हेसुद्धा सांगावं लागत नाही (कलम 6). 'मागणी' लिहिली म्हणून अर्ज बाद, असं त्यात कुठंच नाही.

तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, मी टाकलाय.