फेलोशिप देताना जन्मतारीख कशाला बघता?

संशोधन फेलोशिपची जाहिरात आली की विषय, रक्कम, कालावधी हे सगळं मी नंतर वाचते. आधी नजर जाते ती वयोमर्यादेवर. उशिरा पीएचडी झालेल्या आमच्यासारख्या बऱ्याच जणांना ही सवय आहे, आणि बहुतेक वेळा पुढचं वाचायची वेळच येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नवोदित संशोधकांसाठी फेलोशिप असेल तर मर्यादा जरूर घाला, पण ती पीएचडी मिळाल्यापासून मोजा. जन्मापासून मोजू नका.

आज काय आहे बघा. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, तिला खुल्या गटात वयाची अट ३०. एनपीडीएफ, म्हणजे राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, तिला ३५. इन्स्पायर फॅकल्टी, म्हणजे पीएचडीनंतर स्वतंत्र संशोधनासाठी केंद्राची फेलोशिप, तिला ३२. ही शेवटची म्हणजे आमच्या जगातलं मोठं बक्षीस: पाच वर्षं दरमहा १,२५,००० रुपये, शिवाय संशोधनासाठी वर्षाला ७ लाख. महिला, आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग यांना योजनेगणिक सवलती आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण सवलतीने मोजपट्टी थोडी लांबते, ती चुकीच्या टोकापासून लावलीय हे तसंच राहतं.

बारावीनंतर थेट आयसरला, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत गेलेला मुलगा पाच वर्षांचा बीएस-एमएस करून तेविसाव्या वर्षी पीएचडीला लागतो आणि तिशीच्या आत मोकळा होतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हुशार आहे, मेहनत करतो. आता दुसरा रस्ता बघा. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी, विद्यापीठात एमएस्सी आणि घरी पैसे लागतात म्हणून लगेच सीएचबी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचं प्राध्यापकपद. पैसे तासावर, तेही कधी जमा होतील याचा भरवसा नाही. सुट्टीचे पैसे नाहीत आणि नवं वर्ष सुरू झालं की पुन्हा मुलाखत. मी याच रस्त्याने आले. एका ऑटोक्लेव्हवर तीन वर्गांची प्रॅक्टिकल्स काढायची, सूक्ष्मदर्शकाचा बल्ब गेला तर बाजारातून आणून स्वतःच बसवायचा, रात्री नेटचा, म्हणजे प्राध्यापकपद आणि जेआरएफसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास. त्या वर्षांत जे शिकले ते मला पुढे प्रयोगशाळेत रोज उपयोगी पडलं. फेलोशिपच्या अर्जात मात्र त्या वर्षांची नोंद एकाच रकान्यात होते: वय.

नेटचीच गंमत सांगते. परीक्षा एक, पेपर एक, हॉलही एक. सहायक प्राध्यापक व्हायला पात्र ठरायचं असेल तर वयाची अट नाही. जेआरएफ हवी असेल तर आहे. म्हणजे पस्तिशीतला खुल्या गटातला माणूस पुढची पंचवीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवू शकतो, पण दरमहा ३७,००० रुपये घेऊन स्वतः विज्ञान करू शकत नाही! याचं तर्कशास्त्र मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि वय वाढतं ते काही फक्त आमच्यामुळे वाढत नाही. १८ जून २०२४ ला यूजीसी-नेट झाली, दुसऱ्या दिवशी रद्द झाली. त्याच आठवड्यात विज्ञान विषयांची सीएसआयआर-नेट पुढे ढकलली. थीसिस सादर केल्यावर परीक्षकांचे अहवाल यायला किती महिने लागतात हे कुणाही पीएचडीवाल्याला विचारा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी आपल्याकडे मुलं आंदोलनाला बसलेली सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे बसून गेलेले दिवसही उमेदवाराच्याच वयात धरले जातात.

मग बायकांचं काय? लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासऱ्यांचं आजारपण. पाच वर्षांची सवलत यात कशी संपते ते कळतही नाही. वर मुलाखतीत "गॅप का आहे?" हा प्रश्न आहेच.

"वयाची अट काढली तर पन्नाशीतले लोक रांगेत येतील, तरुणांनी काय करायचं?" असं एक ज्येष्ठ प्राध्यापक मला म्हणाले. मुद्दा गंभीर आहे. पण पीएचडीनंतर अमुक वर्षांच्या आत अशी अट घातली की रांग आपोआप नवोदितांचीच राहते. हे कुठेच होत नाही असंही नाही. युरोपियन युनियनची मेरी क्युरी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप पीएचडीनंतरची आठ वर्षं मोजते आणि त्यातून संशोधनात पडलेला खंड वजा करते. आपल्याच केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात त्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपलाही वयाची अट नाही, संशोधनाचा अनुभव बघतात. म्हणजे सरकारचाच एक विभाग हे करतो आहे. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

अजून एक खुपणारी गोष्ट. रामानुजन फेलोशिप परदेशात काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी आहे. तिला वयोमर्यादा ४०. परदेशी गेलात तर चाळिशीपर्यंत तुमची वाट बघणार, इथेच राहिलात तर इन्स्पायरला बत्तिशीत दार बंद. (खुद्द रामानुजनना १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली तेव्हा त्यांच्याकडे पदवीही नव्हती. नियम बाजूला ठेवून काम बघणारी माणसं तेव्हा त्या समितीत होती.)

नियम बदलतील तेव्हा बदलतील. सध्या तुम्ही खुल्या गटात असाल आणि बत्तीस-तेहतीसचे असाल तर हिशोब उलटा मांडा. पस्तिसावा वाढदिवस धरून मागे या. एनपीडीएफला थीसिस सादर केलेली असली तरी अर्ज करता येतो, त्यामुळे व्हायवासाठी थांबू नका. डिग्री हातात येईपर्यंत फेलोशिप कमी मिळते, तेवढं सोसा. परीक्षकांची यादी सिनॉप्सिसच्या (थीसिसआधी द्यायच्या सारांशाच्या) वेळीच मंजूर करून घ्या, गाईडच्या मागे लागावं लागलं तरी लागा. जिथे पीएचडी केली ती संस्था चालत नाही, दुसरी लागते, आणि तिथल्या प्रमुखाच्या सही-शिक्क्याला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त दिवस जातात. मेंटरला, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचं त्या मार्गदर्शकाला, मेल मात्र आजच पाठवा. एका मेंटरकडे एका वेळी दोनच एनपीडीएफ फेलो राहू शकतात, आणि चांगल्या प्रयोगशाळांमधल्या त्या दोन जागांवर कोण येणार हे जाहिरात निघायच्या आधीच बऱ्यापैकी ठरलेलं असतं.