शून्य आमदारांची युती

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले आठ दिवस भांडण पेटलंय, आणि ज्यावरून पेटलंय ती गोष्ट अस्तित्वातच नाही. 2028 साली कर्नाटकात त्रिशंकू विधानसभा आली, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे समजा दोन आमदार निवडून आले, आणि सरकार नेमकं त्या दोघांवर अडलं, तर समितीनं सत्तेत जायचं का? 2018ला समितीचा आकडा शून्य होता, 2023लाही शून्य. पण बेळगावातल्या वडगावच्या घरात खातेवाटप सुरू झालंय. आतेभाऊ म्हणतो, पाठिंबा द्यायचा आणि मराठीत कागदपत्रं, मराठी शाळांना मास्तर, एवढं लिहून घ्यायचं. तात्या म्हणतात, ज्या राज्यात राहायचं नाही म्हणून 1956पासून भांडतोय, त्याच राज्याची मंत्रिपदाची शपथ घ्यायची? "आणि एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला काय सरकारी गाडीतनं येणार होय?"

ग्रुपवर तात्यांच्या या वाक्याला सव्वीस हसरे चेहरे आले. मी मात्र चिडलो.

चिडायला मला अधिकार आहे असं मी समजतो, कारण मी सीमाभागातून निघालो तो सीमाभागातच येऊन पडलो. मी आता राहतो त्या जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गमधून सायकलवर निघालं तर अर्ध्या तासात डेन्मार्क. 1920च्या सार्वमतात या शहरानं जर्मनीला कौल दिला आणि डॅनिश माणसं इकडंच राहिली. त्यांच्या शाळा आहेत, वाचनालयं आहेत, आपल्या 'तरुण भारत'सारखं त्यांचं 'फ्लेन्सबोर्ग आविस' आहे आणि त्यांची समितीही आहे. तिचं नाव एसएसडब्ल्यू. विधानसभेत जागा मिळायला इतर पक्षांना पाच टक्के मतांची अट, हिला माफ. 2005ला यांनी श्लेस्विग-होल्स्टाइन या आमच्या राज्यात बाहेरून पाठिंब्याचा घाट घातला होता. गुप्त मतदानात कुणीतरी दगा दिला, चार फेऱ्या होऊनही मुख्यमंत्री हाइडे सिमोनिसबाईंना एक मत कमीच पडलं. तेव्हाही 'आमचं सरकार ठरवणारे हे डेन्मार्कवाले कोण' असं विचारणारे निघालेच. 2012ला मात्र राजधानी कीलच्या विधानसभेत 69 पैकी 35 जागांवर सरकार झालं: सोशल डेमोक्रॅट 22, ग्रीन 10 आणि एसएसडब्ल्यू तीन. तिघांच्या जिवावर मंत्रिपद! आन्के स्पोरेनडोंक न्याय आणि संस्कृती खात्याच्या मंत्री झाल्या. आधीच्या सरकारनं डॅनिश शाळांचं अनुदान जर्मन शाळांच्या तुलनेत 85 टक्क्यांवर आणलं होतं, ते पुन्हा शंभर झालं.

हे सगळं मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. त्याखाली आतेभावाचा एक अंगठा, आणि तात्यांचा निरोप: "कुमारस्वामींचं काय झालं बघ."

तात्या पेपर मागनं पुढनं वाचतात, त्यांना फसवणं अवघड. 2018ला कुमारस्वामींच्या जनता दलानं 37 आमदारांवर काँग्रेसच्या मदतीनं मुख्यमंत्रिपद घेतलं, सव्वा वर्षात सरकार पडलं, आणि 2023ला पक्ष 19वर आला. लहान माशानं मोठ्या माशाच्या पोटात घर करायचं नसतं, हा त्यांचा सिद्धांत. मी उत्तर देताना एसएसडब्ल्यूची 2022ची टक्केवारी दिली, 5.7. चांगली आहे. 2017ची दिली नाही. सत्तेत पाच वर्षं काढल्यावर ते 4.6वरून 3.3वर घसरले होते. बर्लिनच्या सरकारात गेलेल्या एफडीपी या लहान पक्षाचं काय झालं तेही सांगितलं नाही. सोयीचं तेवढं सांगायची सवय आपल्याकडच्या पुढाऱ्यांनाच असते असं नाही.

पण माझा राग आकड्यांचा नाही. तात्यांना तत्त्व परवडतं, आईला परवडत नाही. ती एकटी घरी असते. लाइट बिल कन्नड, शेताचा उतारा कन्नड, कचेरीतली नोटीस कन्नड. चष्मा पुसून ती कागद हातात धरते आणि शेजारच्या कन्नड घरातल्या पोराला हाक मारते. तो भला आहे, वाचून दाखवतो. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा त्यानं माझ्यापुढं कागद धरला आणि मी आईसारखाच चष्मा पुसायला लागलो. तालुक्यात 15 टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर त्यांना त्या भाषेत कागद मिळावेत, हा दिल्लीचा जुना नियम. तो अंमलात आणायला मंत्रालयाच्या आत कुणीतरी आपलं बसायला नको? 2004पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. 865 गावं महाराष्ट्रात जातील तेव्हा जातील. तोवर आईनं काय करायचं, पोराला हाका मारत बसायचं?

हे मी तात्यांना फोनवर बोललो. जरा आवाज चढवूनच.

तात्या शांतपणे म्हणाले, "त्या तुझ्या डॅनिश लोकांनी हद्दीचा दावा सोडला काय रे?"

सोडलाय. 1955ला बॉनच्या जर्मन आणि कोपनहेगनच्या डॅनिश सरकारनं आपापली जाहीरनामापत्रं काढली, इथल्या डॅनिशांना नि पलीकडच्या जर्मनांना हक्क मिळाले आणि सीमेचा विषय मिटला. पाच टक्क्यांची माफी त्याच सुमाराची. ते मंत्रिमंडळात बसू शकले, कारण त्यांना कुठं जायचंच नव्हतं. ग्रुपवरच्या त्या लांब निबंधात ही ओळ मी गाळली होती. आणि तात्यांना नेमकी तीच दिसली.

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली, जी वर्षभर घरात कुणाला बोललो नव्हतो. मी इथलं नागरिकत्व घेतलंय. भारतीय पासपोर्ट परत केला. अर्जाला जन्मदाखला लागला, तो निघाला कन्नडमध्ये, आणि तो जर्मनमध्ये करून द्यायला माणूस शोधताना माझे दोन महिने गेले. मला स्वतःला तो वाचता येत नव्हता. शाळेत तिसरी भाषा म्हणून कन्नड होती. ती पासापुरती शिकायची आणि परीक्षेनंतर विसरायची, यात आमच्या वर्गात मर्दुमकी होती. जर्मन मात्र मी आठ महिन्यांत शिकलो, कुणी सक्ती म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. नोकरी पाहिजे होती.

तात्या रागावतील असं वाटलं होतं. 1986च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते होते, पाठीवर काठीचा वळ आहे. ते म्हणाले, "म्हणजे तू आधीच सरकारात गेलास म्हण की."

काय बोलणार?

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मत कुणाला घातलंस तिथं?"

"एसएसडब्ल्यूला."

तात्या मनापासून हसले. "तिथंबी समितीच!" आणि मग जरा दम घेऊन, खानापूरचं 2018 आठवून असणार, जिथं समितीचेच दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले आणि दोघेही पडले: "त्यांच्यात भांडून दोन-दोन माणसं उभी ऱ्हात नाहीत होय रे?"

नाही म्हणालो. तात्यांनी आवाज न करता फोन तसाच धरून ठेवला. मागं गल्लीतून दूधवाल्याची हाक ऐकू येत होती, मराठीत का कन्नडमध्ये ते काही कळलं नाही.