‘छोट्या धंद्याला हॅकर हात लावत नाही’ या मेसेजला उत्तर

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘सायबर इन्शुरन्सच्या नावाखाली लूट’ म्हणून. त्यात म्हटलंय की हॅकर फक्त मोठ्या कंपन्यांच्या मागं असतात, पैसे गेलेच तर बँक भरून देते, दुकानाच्या पॉलिसीत हे सगळं येतंच आणि वेगळी सायबर पॉलिसी काढली तरी क्लेम कधी पास होत नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगर, लक्ष्मीपुरीकडं दुकानांची, वर्कशॉपची कॉम्प्युटरची कामं करतो, आणि ओळखीच्या एका मालकानं हा मेसेज वाचून पॉलिसी रिन्यूच केली नाही म्हटल्यावर गप्प बसवेना.

पहिला मुद्दा. व्हायरस कुणाचा पत्ता बघून येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तो ज्या ज्या विंडोजला अपडेट नव्हतं तिथं आपोआप घुसत गेला, मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. आणि मोठ्या कंपनीत शिरायची वाट बऱ्याचदा छोट्याच्या दारातनं जाते. अमेरिकेत टार्गेट नावाच्या स्टोअर साखळीतनं २०१३ ला सुमारे ४ कोटी कार्डांचा डेटा गेला, तिथं चोर आत शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका छोट्या ठेकेदाराचं लॉगिन चोरून. आता शिरोली, गोकुळ शिरगावातल्या किती फाउंड्रीवाल्यांकडं मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांच्या व्हेंडर पोर्टलचं, म्हणजे माल पुरवणाऱ्यांसाठीच्या वेबसाइटचं, लॉगिन आहे ते बघा, आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर आहे की नाही तेही बघा. गुजरीतल्या सराफाला २ लाखांवरच्या खरेदीला पॅन घ्यावाच लागतो, म्हणजे कोणी किती सोनं नेलं, मोबाइल नंबर काय, पॅन काय, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. हे सगळं लांब कुठंतरी चालतं असंही समजू नका, २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतनं ९४ कोटी गेले त्यातली काही रक्कम बनावट कार्डांनी आपल्या कोल्हापुरातल्याच एटीएममधनं काढली होती.

बँक पैसे देते, हे अर्धवट ऐकून लिहिलंय. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमच्यावर बोजा येत नाही. पण ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. आणि धंद्यात जी फसवणूक होते ती वेगळीच असते. इथल्या एका वर्कशॉपला नेहमीच्या मटेरियलवाल्याचा मेल आला, खाली तीच सही, तोच लोगो, मागच्या बिलाचा नंबरसुद्धा बरोबर, फक्त ‘आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचं पेमेंट खालच्या खात्यावर करा’ एवढी एक ओळ जास्त होती. मेल आयडीत एका ‘आय’च्या जागी ‘एल’. अकाउंटंटनं आरटीजीएस केला, मालकानं स्वतः मंजुरी दिली. आता बँक काय म्हणणार? तुम्हीच पाठवलेत. अशा वेळी पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला आणि त्याच दमात बँकेला, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच हाताला लागतात.

तिसरा मुद्दा, दुकानाच्या पॉलिसीत सगळं येतं हा, सगळ्यात घातक आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडं बऱ्याच जणांनी पॉलिसी काढल्या, चांगलंच केलं. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आहे, त्यात आग येते, पूर येतो. पण ती पॉलिसी वस्तूची आहे. कॉम्प्युटर पाण्यात गेला तर कॉम्प्युटरचे पैसे मिळतील. कॉम्प्युटर टेबलावर धडधाकट आहे पण आतली टॅलीची, म्हणजे हिशेबाची, सगळी फाइल लॉक करून कुणीतरी खंडणी मागतोय, तर त्या पॉलिसीच्या लेखी काहीच मोडलेलं नाही. तसंच मोबाइलवरून स्वस्तात मिळणारी वैयक्तिक सायबर पॉलिसी घरच्या माणसासाठी असते, धंद्याचं नुकसान तिच्यात साधारणपणे बसत नाही.

राहिला क्लेम. क्लेम नाकारले जातात हे खरंय, पण का नाकारले जातात ते मेसेजवाल्यानं लिहिलं नाही. पॉलिसी घेताना भरायच्या प्रपोजल फॉर्मवर ‘रोज बॅकअप घेतो, अँटिव्हायरस चालू आहे’ यावर एजंटच टिक मारतो आणि मालक सही करतो, नंतर तपासणीत बॅकअपच सापडत नाही. म्हणून फॉर्म स्वतः भरा. एजंटला विचारा की बनावट मेलवरून पाठवलेले पैसे यात धरलेत का, कारण ते पुष्कळदा मुख्य पॉलिसीला जोडलेल्या वेगळ्या कव्हरमध्ये असतात आणि त्याची मर्यादा मुख्य रकमेपेक्षा फार कमी असते. धंदा बंद राहिला तर किती तासांनंतरचं नुकसान मोजतात ते विचारा. आणि आपली नाही, आपल्याला सॉफ्टवेअर देणाऱ्याची सिस्टिम बंद पडली तर? जुलै २०२४ मध्ये एकाच टेक्नॉलॉजी कंपनीवर रॅन्समवेअर आल्यावर सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार थांबले होते, त्यामुळं हा प्रश्न सोडू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानाला एवढा लागेल असं नाही, पण सरकारी दंड पॉलिसी भरेलच हे धरून चालू नका. ग्राहकाला कळवायचा खर्च, वकील, डेटा परत मिळवणारा माणूस, हे मात्र चांगल्या पॉलिसीत येतं.

आणि अटॅक आलाच तर इंटरनेटची वायर काढा, स्क्रीनचा फोटो घ्या, विमा कंपनीला लगेच कळवा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे तोही पाळा. पण घाईघाईत पोराला बोलावून फॉरमॅट मारू नका, कारण आत कोण, कुठनं, कधी आलं याचा पुरावा त्याच हार्ड डिस्कवर असतो आणि विम्याचं नुकसान तपासणारा सर्व्हेअर पहिल्यांदा तीच मागतो.