खोक्यावर एक तारीख हवी

बाबांनी आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतःचा फोन कॅमेऱ्यासमोर धरला. निम्मा मजकूर त्यांच्या अंगठ्याखाली होता. "अंगठा जरा बाजूला घ्या, बाबा," म्हटल्यावर उरलेली ओळ दिसली. बँकेच्या ॲपची नवी आवृत्ती या फोनवर चालणार नाही. आदल्या रात्रीपर्यंत ॲप नीट चालत होतं. सकाळी उघडलं तर ते म्हणालं, अपडेट करा. अपडेट करायला गेले तर म्हणालं, तुमचा फोन जुना आहे. "अगं, पण फोनला झालंय काय? काचेवर चरा नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते," बाबा म्हणाले. त्यांचं खरं होतं.

मी जर्मनीत राहते आणि सॉफ्टवेअरमध्येच काम करते, त्यामुळे घरच्या असल्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. कारण मला लगेच कळलं. फोनच्या कंपनीने त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट देणं थांबवलं होतं, अँड्रॉइड मागे पडलं होतं, आणि बँकेने ठरावीक आवृत्तीच्या खालचे फोन बाद केले होते. बँकेच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ज्या फोनमधली भोकं कुणी बुजवत नाही, त्यावरून पैशांचे व्यवहार होऊ देणं धोक्याचंच. जुन्या आवृत्त्या सांभाळत बसणं किती किचकट असतं तेही मी रोज बघते. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हा दिवस येणार हे विकणाऱ्याला माहीत होतं, घेणाऱ्याला नव्हतं.

बाबा प्रत्येक वस्तूचं खोकं माळ्यावर जपून ठेवतात. मी त्यांना ते काढायला सांगितलं आणि बाजूचं स्टिकर वाचून दाखवायला लावलं. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ वाचली. एमआरपी, सर्व करांसहित. बनवल्याचा महिना आणि साल. कंपनीचं नाव, पत्ता. ग्राहकसेवेचा नंबर. भारतात हे छापावंच लागतं, वेष्टनबंद वस्तूंच्या वजनमापांचे २०११ चे नियमच तसे आहेत. औषधाच्या पट्टीवर याशिवाय शेवटची तारीखही असते. फोन कधी जन्मला हे खोकं सांगतं. कंपनी त्याची काळजी कधीपर्यंत घेणार, हे मात्र त्यावर कुठेच नाही.

माझी मागणी एवढीच आहे. ती तारीख छापा, महिना आणि सालासकट.

घरच्या मंडळींशी, जुन्या मित्रमैत्रिणींशी तंत्रज्ञानावर बोलणं निघालं की वाद ठरलेल्या दोन रुळांवरून जातो. एक, "तिकडे सगळं कसं शिस्तीत चालतं." दोन, "तिकडे काय आहे, यूपीआय तरी आहे का?" दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण या वादातून फोन घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. युरोपातले फोन काही जास्त गुणी नसतात. तेच कारखाने, तीच मॉडेलं. फरक एवढाच की इथे विकणाऱ्याच्या तोंडून काही गोष्टी कायद्याने वदवून घेतल्या जाऊ लागल्या आहेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनसोबत एक लेबल असतं. बॅटरी एका चार्जमध्ये किती तास चालेल, चार्जिंगच्या किती फेऱ्या सोसेल, फोन पडला तर किती टिकेल, दुरुस्तीला किती सोपा आहे, हे सगळं त्यावर असतं. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, असाही नियम त्याच दिवसापासून आला. ब्रिटनने त्याच्याही आधी, २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करायला भाग पाडलं. आणि माझ्या मागणीला जो नियम थेट भिडतो, तो युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्यात, म्हणजे डिजिटल वस्तूंच्या सुरक्षेच्या कायद्यात आहे. त्यातल्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि त्यात आधाराचा, म्हणजे सुरक्षा अपडेट मिळण्याचा, शेवटचा महिना व साल खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगायचं बंधन आहे. हा आधार साधारणपणे पाच वर्षांपेक्षा कमी असून चालणार नाही. म्हणजे मी काही आकाशातला चंद्र मागत नाही. ज्यांना युरोपात माल विकायचा आहे त्या कंपन्यांना ही तारीख ठरवावीच लागणार आहे. भारतातल्या स्टिकरवर आणखी एक ओळ छापायला किती शाई लागते?

व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजीसकट ११८ ॲप्सवर बंदी आली, तेव्हापासून गेम म्हटलं की वाद बंदी आणि व्यसन या दोनच शब्दांवर येऊन थांबतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मला तो पटतो, आशेला लावून खिसे रिकामे करणारे ते खेळ होते. पण जे मूल पैसे साठवून एक साधा, सरळ गेम विकत घेतं, त्याचं काय? तो गेम त्याचा असतो का?

'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतींचा गेम होता, २०१४ साली आलेला. एकट्याने खेळायचा झाला तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागे. ३१ मार्च २०२४ ला त्या कंपनीने, युबिसॉफ्टने, सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेली डिस्क निव्वळ चकती होऊन बसली. यावरून रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. तिच्या वतीने युरोपीय आयोगाकडे नागरिकांचा जो अर्ज गेला, त्याने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी काय, तर सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, इतकंच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा असा, की डिजिटल गेम, सिनेमा किंवा पुस्तकाच्या बटणावर 'खरेदी करा' लिहायचं असेल, तर ही मालकी नसून फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याच्या एका आवडत्या गेमचे सर्व्हर बंद झाले, तेव्हा त्याने दोन वर्षं खपून बांधलेलं गाव त्यात होतं. नदीवर पूल होता, पुलाला त्याने आजोबांचं नाव दिलं होतं. "बॅकअप घेऊया ना, आई," तो म्हणाला. बॅकअप घ्यायची सोयच कंपनीने ठेवली नव्हती. शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी त्या गावात फिरून स्क्रीनशॉट काढले. सर्व्हर चालवायला खर्च येतो हे त्याला समजावता आलं. पण विकत घेताना हे कुणी सांगितलं का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि तो विचारत होता ते अगदी बरोबर होतं.

ऑनलाइन सेवांच्या वर्गणीचंही तसंच. सुरू करायला एक टिचकी, बंद करायला भुलभुलैया. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार रद्द करण्याचं बटण ठेवावं लागतं. त्यावर काय लिहायचं तेही कायद्यातच दिलं आहे, 'करार इथे रद्द करा'. दाबलं की एक पान, नाव-गाव भरा, 'आता रद्द करा' दाबा, लगेच पोच येते. बटणच ठेवलं नसेल तर ग्राहक मुदतीची वाट न बघता करार कधीही मोडू शकतो. मला या कायद्यातली ही शेवटची अट सगळ्यात मोलाची वाटते, कारण बटण लपवण्यातला फायदाच ती काढून घेते. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत आणि वर्गणीचा सापळा त्यांपैकीच एक. यादी चांगली आहे. पण बटण कुठे असावं आणि नसेल तर काय होईल, इतक्या खोलात ती जात नाही.

इथे घरच्यांची बाजूही मांडली पाहिजे. कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतात पक्का झाला. तेव्हा लोकांनी बोटं मोडली, हप्ते अडकले, वर्गण्या बंद पडल्या. पण आज आईला वर्गणी कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो आणि नको असेल तर ती थांबवते. माझ्या कार्डावरून इथे वर्गणी गेल्यावर मला कळतं. ही गोष्ट युरोपने भारताकडून घ्यावी.

दुरुस्तीतही मला भारतच पुढे वाटतो, निदान हातांच्या बाबतीत. माझ्या फोनची काच फुटली तेव्हा इथल्या सेवा केंद्रात अकरा दिवस गेले. सुट्टीत घरी गेले असताना तसाच दुसरा फोन दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उघडला. बारीक स्क्रू त्याने काढल्या क्रमाने चुंबकाच्या पट्टीवर लावून ठेवले, गरम हवेने गोंद सैल केला, जुन्या काचेवरचा सेन्सर अलगद उचलून नव्या काचेवर बसवला. पाऊण तासात फोन हातात. सुरू केल्यावर मात्र पडद्यावर सूचना आली की अनोळखी सुटा भाग बसवला आहे, आणि एक-दोन सोयी बंद पडल्या. त्याचं काम चोख होतं. नवा भाग ओळखायचा की नाही, हे कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवत होतं. असं अडवणारं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ च्या कायद्याने रोखलं. युरोपचे दुरुस्तीविषयक नियम लागू होण्याची तारीख ३१ जुलै २०२६ आहे. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं, पुढे दुरुस्ती-निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी हे सांगणाऱ्या आकड्यासाठी, समितीही नेमली गेली. त्या समितीपुढच्या टेबलावर असे स्क्रू लावलेली चुंबकाची पट्टी ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. इतके कसबी हात ज्या देशात आहेत, तिथे कायद्याने त्यांची बाजू घ्यायला उशीर का व्हावा?

शेवटी बाबांनी नवा फोन घेतला. घेण्याआधी मी त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ते शोधायला बसले. कंपनीच्या वेबसाइटवर ते होतं, पण तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात, मॉडेलच्या सांकेतिक क्रमांकापुढे. मला चाळीस मिनिटं लागली, आणि माझा हा रोजचा धंदा आहे. तारीख कळवली तशी बाबांनी बॉलपेनने खोक्यावर लिहिली, एमआरपीच्या बरोबर खाली, आणि खोकं माळ्यावर टाकण्याआधी कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवलं. या वेळी अंगठा बाजूला होता.