गाणी परत आली, नावं नाही

तिसऱ्यांदा झालं हे! डिस्क जोडली की तीच खिडकी उघडते: ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’. अरे, काय फॉरमॅट करा? वीस वर्षांचं संगीत आहे त्यात!

रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी ‘११,००० फायली मिळाल्या’ असं दिसलं आणि जीव भांड्यात पडला. मग फोल्डर उघडला. एफ००४८२१, एफ००४८२२, एफ००४८२३... सगळं असंच. फाइलचं नाव फाइलच्या आत नसतंच, ते फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे ते सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, नोंदींत असतं. त्या नोंदी गेल्या की सॉफ्टवेअर फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून जे सापडेल ते उचलतं. एमपी३मध्ये टॅग, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेली गाण्याची माहिती, असला तर निदान गायकाचं नाव कळतं. पण जुन्या कॅसेटींवरून मी स्वतः उतरवलेल्या वॅव फायली? त्यांना टॅगच नव्हते. त्यातच कुठेतरी आजीच्या ओव्या आहेत. एकेक उघडून ऐकायची. काही फायली डिस्कवर तुकड्यातुकड्यांत होत्या, त्या मध्येच खरखरतात आणि भलत्याच गाण्यात शिरतात.

वर प्रत्येक जण विचारतो, ‘बॅकअप नव्हता का?’ क्लाउडवर होता ना! पण ते सिंक होतं. इथली फाइल उडाली की तिथलीही उडते, आणि कचरापेटीची मुदत संपली की कायमची. याला बॅकअप म्हणून का विकतात?

आज ३१२वी फाइल ऐकतोय. आजी अजून सापडलेली नाही.