वर पत्रा का नको : परसातल्या पर्गोल्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

परसातल्या पर्गोल्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तर दोन ओळींत उरकावंसं वाटत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पर्गोला म्हणजे खांबांवर उभा केलेला, वर पट्ट्या टाकलेला सावलीचा सांगाडा; त्यावर पत्रा घालू नका, असं मी लेखात लिहिलं होतं. काका गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले, घर समुद्रापासून जवळ. त्यांचं म्हणणं असं: पर्गोला हे रिसॉर्टवाल्यांचं खूळ आहे, आणि ज्याने पाऊस अडत नाही त्यावर गोव्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. त्यांनी स्वतः लोखंडी सांगाड्यावर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, पत्रा घातला, एक बाजू घराच्या भिंतीला टेकवून दोन खांब वाचवले, आणि दोन पावसाळे गेले तरी काही झालेलं नाही. पट्ट्यांची दिशा आणि पायाची मापं त्यांना पुस्तकी वाटतात. शिवाय आपल्या वाडवडिलांचा माटव (मांडव) आणि आंब्याची सावली असताना हे हवंच कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्र्यापासून सुरुवात करते, कारण वर पत्रा नको हाच माझा मूळ आग्रह होता आणि अजूनही आहे. पर्गोला फक्त सावलीपुरता असतो. त्याच्या पट्ट्यांमधून वारा निघून जातो, म्हणून तो हलक्या खांबांवर उभा राहू शकतो. त्याच सांगाड्यावर पत्रा ठोकला की ती शेड होते, आणि शेडचा हिशोब वेगळा असतो. बांधताना हिशोब पर्गोल्याचा आणि वापरताना शेडचा, इथे घात होतो.

आकडेच मांडते. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक म्हणजे आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्या वेगाला दर चौरस मीटरवर ९० किलोच्या आसपास दाब येतो. तुमच्यासारखा १० बाय १२ फुटांचा पत्रा म्हणजे ११ चौरस मीटर, तेव्हा एकूण साधारण एक टन. बाजू उघड्या असलेल्या पत्र्याखाली वारा शिरला की हा भार त्याला शिडासारखा वर उचलतो. तुम्ही म्हणाल, परसात घराचा, माडांचा आडोसा आहे, एवढा वारा येतो कुठे? बरोबर. वेग अर्धा धरू. वेग निम्मा झाला की दाब पावपट होतो, तरी पाव टन उरतो. पोकळ पाइप आणि पॉलिकार्बोनेट मिळून तेवढं वजन क्वचितच भरतं. उरलेला भार पाया धरतो, नाहीतर कोणीच धरत नाही.

म्हणून मी लेखात दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल काँक्रीटचा पाया सांगितला होता. असा एक ठोकळा सुमारे २३० किलोचा होतो, चार मिळून ९०० च्या वर. ते माप पुस्तकातून उचललेलं नाही, या वजाबाकीतून आलेलं आहे. परसातल्या फरशीवर बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पट्टी) ठेवून चार फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, मारले, तर त्या खांबाला धरून ठेवायला फक्त फरशी उरते.

दोन पावसाळ्यांबद्दलही याच जोडीने बोलते. मानकातला हा वेग साधारण पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या झोताचा असतो. दोन वर्षं काही झालं नाही ही चांगलीच गोष्ट, पण त्यावरून बांधणी भक्कम आहे असं ठरत नाही. मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे गेलं, तेव्हा झाडं कशी उन्मळली आणि किती गावं अंधारात होती हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तुमचा पत्रा त्यानंतरचा आहे.

आता भिंतीला टेकवण्याबद्दल. सिमेंट काँक्रीटच्या बीममध्ये फास्टनर चांगला बसतो. पण आपली जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे लाल जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र आणि तसा मऊ. फास्टनर फुगला की आजूबाजूचा दगडच भुगा होऊन सुटतो. जुन्या घरात सांध्यांना मातीचाच गिलावा असतो, तिथे तर पकड आणखी कमी. आणि भोक पाडलं की पावसाळ्यात तिथून ओल आत शिरते ती वेगळीच. दोन खांबांचे पैसे वाचतात हे खरं, पण मी चिऱ्याच्या घराला पर्गोला कधीच बांधणार नाही. चार खांबांवर स्वतंत्र उभा करावा, भिंतीपासून हातभर सोडून. पागोळ्यांचं पाणीही मधल्या फटीतून सरळ खाली जातं.

पाण्याचा विषय निघालाच आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो. तुमच्या पत्र्यावरून म्हणजे वर्षाकाठी ३३ हजार लिटरच्या आसपास पाणी एका कडेने खाली येणार. पन्हळ नसेल तर ते घराच्या जोत्याशी आपटतं, लाल चिखल भिंतीवर उडतो, जोतं ओलं राहतं. आणि तुमचा पत्रा पोकळ नळ्यांचा असेल तर त्याची टोकं टेपने नीट बंद केली आहेत का ते पाहा. उघड्या नळ्यांत ओल शिरते, मग आत हिरवं शेवाळ धरतं, आणि ते कुठल्याही ब्रशने निघत नाही.

पट्ट्यांच्या दिशेला तुम्ही पुस्तकी म्हणालात, ते मात्र मला मान्य नाही. ऊन कुठून येतं हे अंगणात उभं राहून दिसतं. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. मधल्या काळात तर तो दुपारी उत्तरेकडे असतो. आपला सूर्य डोक्यावर येतो तोही बारा वाजता नाही, साडेबाराच्या सुमारास. समजा पट्टी दीड इंच जाड, सहा इंच उभी, आणि दोन पट्ट्यांत सहा इंच मोकळी जागा. ऊन सरळ डोक्यावर असताना जमिनीवर सावली पडेल फक्त एक पंचमांश. बाकी सगळं ऊन. हा पर्गोला पाहून कोणी म्हणालं की याचा उपयोग काय, तर त्या वेळेपुरतं ते बरोबरच आहे.

पण त्याच पट्ट्या दक्षिणोत्तर लावल्या असतील तर दुपार कलू लागली की प्रत्येक पट्टीची सावली शेजारच्या पट्टीकडे सरकत जाते, आणि एप्रिल-मेमध्ये साडेतीनच्या सुमारास वरून येणारं ऊन पूर्ण बंद होतं. हिवाळ्यात त्याआधीच. पट्ट्या पूर्वपश्चिम लावल्या तर हे घडत नाही, मावळतीकडचं ऊन त्यांच्या फटींतून सरळ आत येतं. संध्याकाळचा चहा परसात घ्यायचा असेल तर हा फरक दिवसागणिक जाणवतो. साडेचारनंतर मात्र ऊन वरून येतच नाही, पश्चिमेच्या बाजूने आडवं येतं, आणि ते कुठल्याही दिशेच्या पट्ट्या अडवू शकत नाहीत. त्या बाजूला उभी जाळी आणि वेल हवाच.

भर दुपारसाठीही वेलच. इथे बऱ्याच जणांची निवड फसते, कारण वेल सावलीसाठी निवडायचा की फुलांसाठी, हे ठरवलेलं नसतं. पडवळ, दोडका, काकडीचा मांडव पावसाळ्यात भरतो, आणि आपल्याला सावली हवी मार्च ते मे. त्या महिन्यांत हिरवा राहणारा बारमाही वेल लागतो. मधुमालती उत्तम, पण ती वजनदार होते, दरवर्षी पावसाळ्याआधी छाटायची तयारी हवी. बोगनवेल पाण्यावाचून तग धरते, उन्हात बहरते. फक्त तिचे काटे बसायच्या जागेवर लोंबू द्यायचे नाहीत. वेल भरेपर्यंत पहिली एक-दोन वर्षं हिरवी शेडनेट बांधा, दोरीने, खिळ्याने नाही. मेअखेर, पावसाआधी, ती सोडून गुंडाळून ठेवा. वादळाची सूचना आली तर त्याच संध्याकाळी.

आणि इथेच मला तुमचा माटवाचा मुद्दा अगदी मनापासून पटतो. लग्नामुंजीचा माटव पोफळीच्या खांबांवर उभा राहतो, वर विणलेली चुडतं (माडाच्या झावळ्या) घालतात, कार्य झालं की उतरवतात. तो पावसाशी झगडायला उभा केलेलाच नसतो. मी ज्या पर्गोल्याबद्दल लिहिते तो हाच विचार पुढे नेतो: सांगाडा कायमचा, आच्छादन हंगामापुरतं. वाडवडिलांनी जे उतरवलं ते आपण वर ठोकून ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. दरवर्षी चुडतं विणून माटव घालणारी माणसं तुमच्या वाड्यावर असतील तर पर्गोला बांधूच नका, माटव घाला. आमच्या फोंड्याकडे तशी माणसं आता शोधावी लागतात.

आंब्याबद्दल वाद नाही. जागा असेल तर आंबा लावा, फणस लावा. पण ती सावली आपल्या नातवंडांना मिळते. आणि पर्गोल्यासाठी उभं झाड पाडू नका. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली त्याला परवानगी लागते, आणि मुळात झाडाइतकी थंड सावली कुठल्याच लाकडाची नसते.

माडांचं मात्र सांभाळा. परसात माड असतातच, आणि पर्गोला नेमका दोन माडांच्या मधोमध सुंदर दिसतो. तिथे बांधू नका. पन्नास फुटांवरून आलेला नारळ पॉलिकार्बोनेट फोडतो, आणि खाली बसलेल्या माणसाचं काय करतो ते सांगायला नको. पाडेली (नारळ पाडणारी माणसं) मिळत नाहीत म्हणून वर्षातून दोनदाही पाडप होत नाही अशी घरं आता कितीतरी आहेत. पट्ट्यांनी नारळ अडेल या भरवशावर कोणी राहू नये.

लाकूड की लोखंड, यावर तुम्ही एका वाक्यात निकाल दिलात: लोखंड स्वस्त. समुद्राजवळ ते स्वस्त राहत नाही. खारा वारा साध्या एमएस (सौम्य पोलादाच्या) पाइपला आधी सांध्यात धरतो, वेल्डिंगच्या जागी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घेतला तरी वेल्डिंग करताना तिथलं जस्त जळून जातं, आणि वर नुसता रंग मारला की वर्षभरात तांबूस ओघळ दिसू लागतात. वेल्डिंग झाल्यावर तो सांधा घासून त्यावर जस्ताचा प्रायमर मारून घ्यायचा, मगच रंग. स्टेनलेस घेणार असाल तर ३०४ प्रतीच्या स्टीलवर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात, ३१६ प्रतीचं जास्त टिकतं.

लाकडात मी जुन्या लाकडाला पहिली पसंती देते. जुनी घरं मोडली जातात तेव्हा सागवानाचे, तसेच माट्टी, किंदळ या इथल्या लाकडांचे वासे विकायला येतात. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, पीळ पडायचा तो पडून गेलेला. घेताना ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आतून वाळवीने खाल्लेलं असतं. नवं सागवान घेतलंत तर कडेचा पांढरा भाग सुताराला काढायला सांगा, वाळवी तिथूनच सुरू होते. बांबू मला फार आवडतो, पण उघड्या पर्गोल्यासाठी नाही. बोरॅक्सची प्रक्रिया केलेला बांबू आत, छपराखाली टिकतो. पावसात ते औषध धुऊन निघतं. आणि कुठलंही लाकूड असो, खांब मातीत पुरू नका. जमिनीपासून वीतभर उंच काँक्रीटचा किंवा चिऱ्याचा कट्टा, त्यात खांब धरणारा लोखंडी बूट, आणि खांबाचा तळ कट्ट्यापासून बोटभर वर. खांब वरून क्वचितच कुजतो, बहुतेक वेळा तळातून कुजतो.

परवानगीच्या मुद्द्यावर तुम्ही म्हणालात की मी लोकांना उगाच घाबरवते. घाबरवत नाही. पण पत्रा घातलेली शेड ही बांधकामात मोजली जाऊ शकते, तुम्ही सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या, टप्प्यात असाल तर जास्तच; आणि गोव्यात घर, परस सामायिक मालकीत असणं ही नेहमीची गोष्ट. पंचायतीत आधी विचारणं आणि भावाबहिणींच्या कानावर घालणं यात एक सकाळ जाते.

तुमचं उभं आहे ते मोडा असं मी म्हणणार नाही. पावसाआधी एवढं करा. भिंतीकडचा प्रत्येक फास्टनर हाताने हलवून पाहा. हलला तर त्या बाजूला स्वतंत्र दोन खांब, वर सांगितलेल्या पायासकट. पुढच्या दोन खांबांच्या तळाशी फरशी उचकटून खाली काँक्रीट आहे का ते बघा. पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरसकट शाबूत आहेत का, आणि वादळाची सूचना आल्यावर दोन माणसांना तासाभरात पत्रा उतरवता येईल का, हे एकदा करून पाहा. पुढच्या प्रतिक्रियेत लिहाल तेव्हा फास्टनर हलतात की नाही आणि फरशीखाली काय निघालं तेवढं जरूर लिहा; त्यावरून पाया वाढवायचा की पत्रा काढून पट्ट्या घालायच्या हे मी मापांसकट सांगेन.